बदली माणूस मिळाला की

"काका, आपल्या मिठागरात हत्ती पोहतोय. कळलं?"

माझ्या ओटीवर बसल्या बसल्या त्या मुलीने पहिलाच प्रश्न हा केला. मी तिच्याकडे बघितलं. मग उगाच खाडीच्या बाजूला बघितलं.

"कुठला हत्ती गो बाय? घोटाभर पाणी तिथं. हत्तीचं नखपण भिजायचं नाय."

"हत्ती नाहीये. मी बोलले ते कळलं का, एवढंच विचारते."

"कळलं की."

"याआधी कुणी असं म्हणालं होतं तुम्हाला?"

"एवढा येडा इथं कोन हाय?"

ती हसली, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "मग जन्मात कधी न ऐकलेलं वाक्य तुम्हाला लगेच कळलं कसं?"

मी चौथी पास. सगळा जन्म मिठागराच्या उघाडीवर पाणी बघण्यात गेला. उघाडी म्हणजे बांधातली दारं. उधाणाची भरती आली की फळ्या काढून खाडीचं पाणी आत घ्यायचं, आणि वेळेवर फळ्या टाकून ते अडवायचं. मग त्याच पाण्याचं उन्हात मीठ होतं. वाक्यं कळतात कशी, हे त्या कामात कुणी विचारत नाही. पण त्या दुपारी जेवताना मी घास हातात धरून बसलो होतो. खरंच, कळतं कसं?

नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. माझं गाव पेणहून वडखळला जाताना खाडीच्या अंगाला. गुडघे गेले म्हणून मी काम सोडलेलं. बायको आदल्या पावसाळ्यात गेली. आठ दिवसांचा ताप, दुसरं काही नाही. ती गेल्यावर घरात बोलणारं कुणी उरलं नाही. मूलबाळ नव्हतंच. मी सकाळी चहा दोन कप टाकायचो आणि एक ओतून द्यायचो. एक कप टाकायला शिकायला मला मार्गशीर्ष उजाडला.

ही मुलगी पुण्याची. मोठी पदवी करत होती. पेणला तिची मावशी राहायची, तिथे उतरली होती. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी तिला माझ्याकडे धाडलं. मला वाटलं, जुनी गाणी नाहीतर म्हणी गोळा करत असेल. तसल्या लोकांना मी उभं करत नाही. गाणी बायकोला येत होती, मला नाही. पण ही म्हणाली, "मला गाणी नकोत. मी वाक्यांचा अर्थ तपासते. मी एखादी परिस्थिती मांडणार, मग एक वाक्य बोलणार. त्या परिस्थितीत ते वाक्य खरं की खोटं, एवढं तुम्ही सांगायचं."

तिथे मी तिला बसायला पाट दिला.

कारण माझ्याकडेही एक वाक्य होतं. ते मी बायकोला तीस वर्षं सांगत आलो. ते खोटं होतं का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. गावात कुणाला विचारणार? गावातली माणसं म्हणाली असती, "गेली ना ती, आता कशाला?" भटजींना विचारलं असतं तर काहीतरी दान सांगितलं असतं. मला दान नको होतं. खरं की खोटं, तेवढं हवं होतं. आणि ही मुलगी तर म्हणे त्याचंच शिक्षण घेत होती.

पण लगेच विचारलं नाही. आधी बघितलं, हिला कितपत येतं.

ती रोज सकाळी यायची. बिनसाखरेचा कोरा चहा प्यायची, म्हणजे तोंड वाकडं करून प्यायची, पण संपवायची. एक टेप लावून ठेवायची. तो टेप मधेच कॅसेट खायचा, मग आम्ही दोघं पेन्सिल घालून ती गुंडाळत बसायचो.

हत्तीचं उत्तर मी दुसऱ्या दिवशी दिलं. म्हटलं, "हत्ती मला ठाऊक. पोहणं ठाऊक. मिठागर तर ठाऊकच. आनि कोनाला कोनाच्या शेजारी ठेवायचं ते ठाऊक. म्हणून कळलं."

"शेजारी ठेवायचं म्हणजे?"

"'मुकादमानं बैलाला मारलं' आनि 'बैलानं मुकादमाला मारलं'. शब्द तेच. पर एकात बैल रडतो आनि एकात आमी सगळे हसतो."

ती इतकी खूश झाली की चहा सांडला. तिच्या पुस्तकात म्हणे हेच होतं. शब्दांचे अर्थ आणि जोडायची रीत, एवढ्यावर सगळ्या वाक्याचा अर्थ उभा राहतो. मला त्यात नवल वाटलं नाही. त्याच मातीचा बांध होतो आणि त्याच मातीचा ढीग होतो. रचणाऱ्यावर असतं.

मग तिने मुख्य गोष्ट सांगितली. "काका, आत्ता रोह्याला पाऊस पडतोय. खरं की खोटं?"

पौष महिना. मी म्हटलं, "मला काय ठाऊक? पडत नसंल. पर मी इथं बसलोय."

"म्हणजे खरं की खोटं ते माहीत नाही. तरी अर्थ कळला?"

"कळला."

"मग अर्थ म्हणजे नक्की काय कळलं?"

मग एकदम आठवलं. मी म्हटलं, "उघाडीच्या भिंतीवर मी चुन्याची रेघ मारली होती. पाणी रेघेला टेकलं की फळ्या टाकायच्या. ओहोटीला रेघ कोरडी असायची, भरतीला ओली. पर कोरडी असली तरी रेघेचा अर्थ ठाऊक असायचा. पाणी कुठवर यायला पायजे, ते ती सांगायची. पाणी आलंय का, ते येगळं. ते खाली वाकून बघायचं."

मुलीने टेप मागे घेतला आणि माझं बोलणं परत ऐकलं. म्हणाली, "काका, हे शिकायला मला दोन वर्षं लागली. वाक्य कळणं म्हणजे, ते खरं ठरायला जग कसं असावं लागेल ते माहीत असणं. जग तसं आहे का, ते नंतर बघायचं."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बायको असती तर आत जाऊन सांगितलं असतं, की ऐकलंस का, पुण्याची बाय काय म्हणते. आणि ती चुलीजवळूनच म्हणाली असती, "तिला सांगा, भिंतीवरची रेघ कळते, घरातलं डाळीचं मडकं रितं झालेलं नाय कळत."

असे आमचे दिवस जात होते. ती सुपात मिठाचे ढीग मांडायची. ढीग म्हणजे टोपल्या. शर्टाची बटणं म्हणजे बायका. एक दिवस पाचही टोपल्या भरलेल्या दाखवल्या आणि म्हणाली, "'काही टोपल्या भरल्या.' खरं की खोटं?"

"खोटं. सगळ्या भरल्या."

"पण पाच भरल्या, त्यात काही आल्याच ना? तीन भरल्या हे तर खरं आहे."

मला चिडवतेय की काय, असं वाटलं. पण विचार केला तर तिचं बरोबर होतं. पाच भरल्या तर तीन भरल्याच. मी म्हटलं, "बरं, खोटं नाय. पर मुकादमाला असं सांगणारा लबाड."

तिचं पेन थांबलं. "खोटं आणि लबाड, दोन वेगळ्या गोष्टी आहेत?"

"हायत तर. खोटं बोलणारा नसलेलं सांगतो. लबाड असलेलंच सांगतो, पर असं सांगतो की ऐकणारा भलतंच धरून चालतो."

हे तिने पानभर लिहिलं. म्हणाली, हा भेद तिच्या पुस्तकातही आहे, पण तिथे फार सभ्य शब्दांत आहे.

मग तिने एक चमत्कारिक वाक्य काढलं. रिकामं सूप पुढे ठेवलं. "या सुपातल्या सगळ्या हत्तींनी टोप्या घातल्यात. खरं की खोटं?"

"तुझा हत्ती काय तुला सोडत नाय. सुपात हाय कुठे हत्ती?"

"नाहीच. म्हणून तर विचारते. एक बिनटोपीचा हत्ती मला या सुपात दाखवा, मी हरले."

मी सूप उलटं करून झटकलं. "नाय."

"मग माझं वाक्य खोटं कसं म्हणाल? खोटं पाडायला एक तरी बिनटोपीचा लागतो. तो नाही. म्हणून पुस्तकाच्या हिशेबी ते खरं."

मी हसलो. बायको गेल्यापासून मी असा हसलो नव्हतो. हसता हसता बोलून गेलो, "मग माझी सगळी पोरं मामलेदार झाली, हेबी खरंच."

तीही हसायला लागली. मग तिने घरात बघितलं, खुंटीवरचा माझा एकच सदरा बघितला, आणि वही मिटली.

"सॉरी काका."

"सॉरी कशाला? जगात नाय तर नाय, तुझ्या पुस्तकात तरी झाली. वही उघड."

दोन दिवसांनी ती जर-तरवर आली. तिने विचारलं, "मी म्हटलं, उद्या पाऊस पडला तर मी घरी राहीन. उद्या पाऊस पडलाच नाही, आणि मी बाजारात गेले. मी खोटं बोलले का?"

"नाय. पाऊसच नाय पडला."

"बरोबर. पहिला भाग घडलाच नाही, तर वाक्य खोटं पडत नाही. पुस्तकाचा अगदी पहिला नियम असाच आहे. पाऊस पडला आणि तरी मी घरी राहिले नाही, तेवढंच खोटं."

मी म्हटलं, "टेप बंद कर. माझं एक वाक्य तपास."

तिने टेप बंद केला.

माझ्या बायकोचं माहेर वरसे, रोह्याला लागून. तिच्या भावाची भाताची शेती. भात निघालं की त्याच जमिनीत वाल. पौष-माघात शेंगा भरल्या की तिकडे पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी, असं भरायचं. वर परत पाला कोंबायचा. मडकं शेतातच उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. मग सगळ्या घराने, लेकी-जावयांनी, उपड्या मडक्याभोवती बसून खायचं. त्यात मीठ असायचं ते माझ्या मिठागरातलं. दर वर्षी बायको पिशवी भरून न्यायची. मीठ जायचं, मी जायचो नाही. नेमका तोच आमचा हंगाम. अमावास्या-पुनवेला उधाण, आणि उघाडीवर माणूस हवा.

दर वर्षी ती म्हणायची, "अवो, एकदा या ना माझ्यासंगं. सगळ्यांचे येतात."

आणि दर वर्षी मी म्हणायचो, "बदली माणूस मिळाला की येतो."

हे मी त्या मुलीला सांगितलं, आणि विचारलं, "ती गेली. मी कधी गेलो नाय. मी तिच्याशी खोटं बोललो का?"

मुलीने विचारलं, "बदली माणूस मिळाला होता का कधी?"

"नाय."

"मग नाही, काका. नियमाने तुमचं वाक्य कधीच खोटं पडलं नाही."

त्या दिवशी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. कितीतरी महिन्यांनी. बायकोच्या फोटोकडे बघून म्हटलंसुद्धा, "बघ, पुण्याहून निकाल आलाय."

दुसऱ्या दिवशी मुलगी आली ती चहा न घेताच बोलायला लागली. "काका, काल मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. तो पहिला नियम सोपा आहे, म्हणून आधी शिकवतात. माणसं जर-तर बोलतात ते तेवढ्यावर भागत नाही. त्या नियमाने 'मला पंख फुटले तर मी तुमचं घर जाळीन' हेही खरंच ठरतं. पंख फुटत नाहीत ना."

"मग?"

"मग पुढची माणसं असं म्हणतात. हे आपलं जग. याच्या शेजारी दुसरं एक जग धरा. सगळं असंच. हीच खाडी, हीच उघाडी, तुम्हीही असेच, याच स्वभावाचे. फरक एकच. तिथे बदली माणूस मिळालाय. त्या जगात तुम्ही वरश्याला गेलात का? गेला असाल, तर तुमचं वाक्य खरं."

"आनि ते जग बघायला जायचं कुणी?"

"मी नाही जाऊ शकत. पुस्तकही नाही. तुमच्या वाक्यापुरतं ते फक्त तुम्हाला दिसेल."

मला तिचा राग आला. काल एक निकाल, आज दुसरा. मी म्हटलं, "तुमची पुस्तकं रोज नवं बोलतात. आमची रेघ तरी एका जागी असते." ती उठली. जाताना म्हणाली, "मी कालच्यावरच गप्प बसले असते तर ते लबाड झालं असतं ना, काका? तुमच्याच शब्दात."

तीन दिवस येऊ नको म्हणून मी तिला निरोप दिला आणि रोज काठी घेऊन उघाडीवर गेलो. तिथे बसून ते दुसरं जग बघायचा प्रयत्न केला. म्हटलं, समजा इथे बदली माणूस उभा आहे. कसा दिसेल? आधी काहीच दिसेना. मग त्याला अंगावर बनियन दिलं. हातात सायकल दिली. बांधाला सायकल टेकवून तो माझ्या रेघेकडे बघतोय. आणि मग माझ्या लक्षात आलं, की ह्या माणसाला मी बनवत नाहीये. हा माणूस मला आठवतोय.

तो जिते गावचा होता. बायको जाण्याआधी सात-आठ वर्षांची गोष्ट. माघातली अमावास्या दोन दिवसांवर. सकाळी सायकलवरून आला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. म्हणाला, "मुकादमानं धाडलंय. चार दिस मी बघतो पाणी. तुमी जावा रोह्याला."

"मुकादमाला कोनी सांगितलं, मला रोह्याला जायचंय म्हणून?"

"तुमच्या घरातनं सांगणं आलं होतं ना."

म्हणजे ती स्वतः मुकादमाकडे गेली होती. मुकादमासमोर कधी उभी न राहिलेली बाई. मी दर वर्षी बदली माणूस मिळाला की, मिळाला की करतो, तर तिने माणूसच मिळवून आणला.

आणि मी काय केलं? मी त्याची परीक्षा घेतली. म्हटलं, "रेघ बघ. काय दिसतं?"

तो खाली वाकला, भिंतीवर बोट लावलं आणि म्हणाला, "ह्या अमावास्येला रेघ दोन बोटं कमी पडंल. पाणी वर चढंल. फळ्या जरा आधी टाकाव्या लागतील."

बरोबर होतं. अगदी बरोबर. मलाही तेच वाटत होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच्या ह्या बरोबर असण्याचा मला इतका संताप आला की मी म्हटलं, "इथलं पाणी तुला नाय कळायचं. जा."

तो गेला. घरी येऊन मी बायकोला म्हटलं, "तो काय माणूस होता? सगळं मीठ घालवलं असतं." तिने मिठाची पिशवी बांधली आणि एस.टी.ने एकटी गेली. त्यानंतर मी हे इतक्यांदा म्हटलं, की तो काय माणूस नव्हता, की मलाच ते खरं वाटायला लागलं. म्हणून त्या दिवशी मुलीने विचारलं, बदली मिळाला होता का, तर मी सरळ नाय म्हणालो. तो माझ्या लेखी मिळालाच नव्हता.

दुसरं जग लागलंच नाही. ते ह्याच जगात घडून गेलं होतं. पाणी रेघेला टेकलं होतं आणि मी फळ्या टाकल्या नव्हत्या.

चौथ्या दिवशी मुलगीच आली. माझं तोंड बघून टेप पिशवीतून काढलाच नाही. मी तिला सगळं सांगितलं.

"मग लिही आता," मी म्हटलं. "खोटं."

ती लिहीत नव्हती. म्हणाली, "त्या एका वर्षापुरतं खोटं पडलं, काका. बाकीच्या वर्षांत तर बदली मिळाला नव्हता."

"बाकीच्या वर्षांत मी शोधला नव्हता. तिला वाटायचं मी शोधतोय. ते लबाड. एक वरीस खोटं, बाकीची सगळी लबाड. तसं लिही."

तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "तू कशाला रडतेस? तुझा अभ्यास बरोबर आला." मग तिच्यासाठी साखर घालून चहा केला. तोही तिने तोंड वाकडं करून प्यायला. पोरीला चहाच आवडत नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या आठवड्यात तिचं काम संपलं आणि ती गेली. माघ लागला होता. मी शेजाऱ्याकडून मूठभर नाही, चांगलं पिशवीभर जाडं मीठ घेतलं आणि पेणहून दुपारच्या गाडीने रोह्याला गेलो. डब्यात आठ-दहा माणसं. जित्याचं स्टेशन मागल्या बाजूला, वाटेत लागत नाही, तरी गाडी सुटताना मी त्या बाजूला बघून घेतलं.

वरश्याला आता घरं वाढलीत. शेताच्या पलीकडे सिमेंटचे खांब उभे होते. मेव्हणा बांधावर शेंगा निवडत बसला होता. म्हातारा झालाय तोही. मला बघून उठला नाही. नुसतं वर बघितलं आणि म्हणाला, "या भावजी. बदली माणूस मिळाला वाटतं?"

शेतात दोन सुना होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. म्हणजे ते वाक्य ह्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

मी त्याच्या शेजारी खाली बसलो. गुडघे वाजले. म्हटलं, "एक विचारायचंय. आठ वर्षांमागच्या माघातबी ती एकटीच आली. तवा तिनं काय सांगितलं?"

त्याने शेंगांची टोपली बाजूला सारली. "त्या वर्षी तिनं आधी निरोप धाडला होता. ह्या खेपेस दोघं येतोय, माणूस मिळालाय. आमी मोठं मडकं काढलं. ऊन कलेपर्यंत पेटवलं नाय, तुमची वाट बघत. मग ती एकटीच आली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, माणूस आला होता, पर कामाचा नव्हता. सगळं मीठ घालवलं असतं. म्हणून ह्यांनी त्याला परत धाडला."

माझंच वाक्य. जसंच्या तसं तिने इथे आणून ठेवलं होतं. तिला तर ठाऊक होतं, तो माणूस तिनेच मिळवून आणला होता. आणि मुकादमाने तिला सांगितलंही असणार, तो कसा पाणी बघणारा होता ते.

"तुला खरं वाटलं?" मी विचारलं.

"तिचं तोंड बघितल्यावर?" मेव्हणा म्हणाला. "पर बहीण आपल्या घरधन्याचं झाकते म्हटल्यावर भावानं उघडायचं नसतं."

मी म्हटलं, "माणूस चांगला होता. त्याला पाणी कळत होतं. माझ्याएवढंच. मीच नाय आलो."

शेतात टोपल्या सरकवल्याचा, पाला तोडल्याचा आवाज येत होता. मग त्याने मडकं माझ्याकडे ढकललं. म्हणाला, "मीठ आनलंय ना? घाला मग. आजवर ती घालायची."

मला अंदाज कुठला. घरीही मीठ तीच घालायची, मी नुसतं पिकवायचो. मूठ भरून घेतली, शेंगांवर टाकली, पुन्हा एक टाकली. सुनेने वर पाला दाबला. मडकं उपडं घालून पेंढा लावला. उजेड अजून होता. धूर सरळ वर गेला. मी त्या जाळाकडे बघत शेजारच्या जगाचा विचार करत होतो, जिथे मी त्या वर्षी आलो. तिथे ती कुठे बसली असती? माझ्या शेजारी, की सुनांच्यात? काय बोलली असती? तेवढं मात्र दिसेना. मुलगी म्हणाली होती, ते फक्त तुम्हाला दिसेल. तिचा एवढा एक नियम चुकला.

मडकं फोडलं. शेंगांचा वास सुटला. मेव्हण्याने पहिली शेंग सोलून तोंडात टाकली आणि डोळे बारीक केले.

"खारट झालीय, भावजी."

मीही एक खाल्ली. खारटच होती.

"तिच्या हातची कधी नाय झाली," तो म्हणाला.

"खरं हाय," मी म्हटलं, आणि दुसरी शेंग घेतली.